कारखान्यात सिस्टिम आणायचीय? आधी स्टोअरमधली वही बघा

सोमवारी सकाळी साहेब केबिनमध्ये बोलावतात. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातून आणलेली रंगीत पत्रकं टेबलावर पसरलेली असतात. "हे बघ, आता आपल्याला सिस्टिम पाहिजे. सगळं मोबाईलवर दिसलं पाहिजे मला. तू कॉम्प्युटरचं शिकलायस ना, मग तूच बघ. दिवाळीच्या आत चालू करून टाकू." तुम्ही "हो साहेब" म्हणून बाहेर येता आणि त्यातल्या एका पत्रकावरचा नंबर फिरवायला घेता.

तो फोन आत्ता करू नका. निदान तीन आठवडे तरी नको.

वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीत, म्हणजे रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यात, मी हेच काम बरीच वर्षं करतोय. ज्यांच्या गळ्यात हे पहिल्यांदाच पडलंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. नमुना म्हणून डोळ्यांसमोर असा एक कारखाना धरा: पन्नास-साठ माणसं, पत्र्याची इलेक्ट्रिकल पॅनेल बनतात, उलाढाल बारा कोटींच्या आसपास, हिशेब टॅलीवर आणि बाकी सगळं एक्सेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि वह्यांवर. तुमचा धंदा मसाला मार्केटमधला असेल किंवा ट्रान्सपोर्टचा असेल तर वह्यांची नावं बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

कागदाच्या मागे चाला

पहिला आठवडा कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. एक ऑर्डर पकडा आणि चौकशीपासून पैसे जमा होईपर्यंत तिच्या मागे फिरा. कोटेशन कोणी केलं, पीओ (गिऱ्हाइकाची खरेदी ऑर्डर) आल्यावर तो कुणाच्या मेलमध्ये पडून राहिला, ड्रॉइंग खाली शॉप फ्लोअरवर कसं गेलं, पत्रा किती निघाला, पावडर कोटिंगला माल कोणत्या चलानवर गेला, परत किती आला, बिल कधी निघालं. प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी टिपायच्या. कागद कुठे थांबला? तोच आकडा दुसऱ्यांदा कुठे लिहिला गेला? आणि माहिती नाही म्हणून फोन कुठे करावा लागला?

वागळे इस्टेटमधल्या एका युनिटमध्ये मी असाच फिरत फिरत स्टोअरपर्यंत पोचलो. तिथल्या काकांकडे एक लांबट वही होती, रबरबँड लावलेली, कोपरे तेलाने काळे पडलेले. इनवर्ड रजिस्टर वेगळं होतं, ते ऑडिटसाठी. ही वही त्यांची स्वतःची. प्लेटिंग आणि कोटिंगला बाहेर गेलेल्या मालाच्या नोंदी निळ्या पेनाने, परत आला की त्यावर रेघ, आणि कमी आला तर लाल गोल. मी लाल गोल मोजले. चार महिन्यांत एकतीस. म्हटलं, "काका, हे वर सांगितलंत का कधी?" ते म्हणाले, "विचारलं कुणी?"

साहेबांच्या पत्रकांत विक्री वाढवणाऱ्या सिस्टिम होत्या. पैसा गळत होता तो त्या लाल गोलांतून. त्यातला किती माल खरंच कमी आला, किती दुसऱ्या चलानवर आला आणि किती पार्टीकडे अजून पडून आहे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शिवाय जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, दिलेला कच्चा माल जीएसटी कायद्याप्रमाणे वर्षाच्या आत परत आला नाही, तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून त्यावर कर आणि व्याज लागतं. काकांच्या वहीत दीड वर्षापूर्वीचाही एक गोल होता.

अशी एकतरी वही प्रत्येक कारखान्यात असते. कधी ती डिस्पॅचच्या पोराच्या मोबाईलमधल्या फोटोंत असते, तर कधी अकाउंटवाल्या ताईंच्या खाजगी एक्सेलमध्ये. ती सापडेपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नका.

यादी करा, पण चार ढिगांत

आता सगळ्यांच्या मागण्या एका ओळीत एक अशा लिहा: दुखणं कुणाचं, महिन्यातून किती वेळा होतं, होतं तेव्हा साधारण किती रुपयांना पडतं. "ईआरपी (सगळे विभाग एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर) पाहिजे" ही मागणी नव्हे. "जॉबवर्कला गेलेला माल किती दिवस बाहेर आहे ते कळत नाही" ही मागणी. मग चार ढीग करा: सक्तीचं, गळती थांबवणारं, धंदा वाढवणारं आणि हौसेचं.

सक्तीच्या ढिगावर चर्चा नको, ते करायचंच असतं. २०१७-१८ पासून कोणत्याही एका आर्थिक वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून जीएसटी नोंदणी असलेल्या ग्राहकाला दिलेल्या बिलाचं ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, बनवावंच लागतं. तुमची फर्म कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय बदललं याची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. सायबर हल्ला झाला तर सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवायचं आणि लॉग (सिस्टिमच्या वापराच्या नोंदी) १८० दिवस जपायचे, हा २०२२ चा आदेश बहुतेक छोट्या मालकांनी ऐकलेलाही नसतो. लघुउद्योगाचं पेमेंट कायद्याच्या मुदतीपुढे (लेखी करार असला तर फार तर ४५ दिवस, नसला तर १५) रखडलं आणि वर्ष संपेपर्यंत दिलं नाही, तर त्या वर्षी तो खर्च आयकरात वजा मिळत नाही, म्हणून सप्लायरच्या यादीत उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणीचा रकाना हवा. हे सगळं तुमच्या सीएसोबत अर्धा तास बसून तपासा आणि बाजूला ठेवा.

हौसेच्या ढिगाला हसू नका. साहेबांचा मोबाईलवरचा डॅशबोर्ड बहुधा याच ढिगात येतो, आणि पैसे साहेबांचे आहेत. फक्त त्यांना हे दाखवा की डॅशबोर्ड म्हणजे गाडीचा काटा. टाकीत तरंगणारा फ्लोटच बसवला नाही तर काटा काय दाखवणार?

पैशाचा हिशेब, तोही निम्म्यावर

व्हेंडरचं कोटेशन हा खर्चाचा एक तुकडा असतो. आमच्या जॉबवर्कच्या कामाला कोटेशन आलं होतं अडीच लाखांचं. मी तीन वर्षांचा खर्च मांडला तो असा: बसवणं अडीच लाख, आयटमची यादी साफ करणं आणि लोकांना शिकवणं यासाठी ८० हजार, स्टोअर आणि गेटवर टॅबलेट, वायफाय, यूपीएस मिळून १ लाख २० हजार, आणि वापराचं भाडं वर्षाला ९० हजार. म्हणजे सुरुवातीलाच साडेचार लाख आणि तीन वर्षांत एकूण ७ लाख २० हजार. जीएसटी यात धरलेला नाही, कारण त्याचं क्रेडिट मिळतं. तुम्हाला मिळत नसेल तर धरा.

फायद्याच्या बाजूला गायब होणारा माल, दुबार गेलेलं पेमेंट आणि उशिरा निघालेली बिलं मिळून महिन्याला ३५ हजार धरले. त्यातून महिन्याचं भाडं साडेसात हजार वजा करा, उरले साडेसत्तावीस. साडेचार लाखांना त्याने भागलं की सोळा-सतरा महिन्यांत पैसे वसूल. छान दिसतं.

मग तोच हिशेब फायदा निम्मा धरून करा. साडेसतरा हजारातून साडेसात गेले, उरले दहा. आता वसुलीला लागतात ४५ महिने, म्हणजे पावणेचार वर्षं. फायदा निम्मा झाला की मुदत दुप्पट होत नाही, त्याहून जास्त लांबते, कारण भाडं काही निम्मं होत नाही. नवख्या माणसाची इथेच फसगत होते. आम्ही हे कोष्टक साहेबांसमोर ठेवलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला: "हे पस्तीस हजार कुठून काढलेस?" उत्तर होतं, मुख्यतः काकांच्या वहीतून, एकतीस गोलांची एकेक किंमत लावून. व्हेंडरच्या पत्रकातून आकडा उचलला असता तर तिथेच अडकलो असतो.

एक गोष्ट मात्र फायद्यात धरू नका: "दोन माणसांचे रोज दोन तास वाचतील". ते तास वाचल्यावर ती माणसं कोणतं काम करणार हे नावानिशी लिहिता आलं तरच धरा. नाहीतर चहाची सुट्टी लांबते, बाकी काही होत नाही. रक्कम पंधरा-वीस लाखांच्या पुढे असेल तर सीएला सांगून पुढच्या वर्षांचा फायदा बँकेच्या कॅश क्रेडिटच्या व्याजदराने आजच्या किमतीला आणून बघा. छोट्या कामाला वसुलीचे महिने पुरतात.

गुण देताना होणारी चलाखी

सक्तीची कामं वगळून उरलेल्यांना गुण द्यायचे. मी तीनच कसोट्या लावतो: किती पैसा वाचतो याला ४०, आपली घरची तयारी किती याला ३०, आणि जोखीम किती कमी याला ३०. प्रत्येक कामाला एकेका कसोटीवर एक ते पाच गुण द्यायचे आणि वजनाने गुणून बेरीज करायची. वजनं कामांची नावं समोर यायच्या आधी ठरवून साहेबांची सही घ्या. नावं बघून वजनं ठरवली की आवडतं काम पहिलं येईपर्यंत लोक आकडे हलवत बसतात. मीही हलवलेत.

आमच्याकडे जॉबवर्कला पाच, तीन, तीन मिळाले. बेरीज ३८०. पंचिंग मशीनवरची हजेरी थेट पगारपत्रकात घेण्याच्या कामाला दोन, पाच, पाच. तीही ३८०. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी एका जागी आणण्याला २७०, डॅशबोर्डला १३०.

दोन कामं सारख्याच गुणांवर, तेव्हा करायचं काय? इथे कोष्टक संपतं आणि तुमची अक्कल सुरू होते. आम्ही हजेरी आधी घेतली. पैसा त्यात थोडाच वाचत होता, पण काम सहा आठवड्यांचं होतं, बिघडलं तरी आठवडाभर हाताने निभावलं असतं आणि मुख्य म्हणजे ओव्हरटाइमचे तास बरोबर धरले जायला लागल्यावर शॉप फ्लोअरवरच्या लोकांना पहिल्यांदाच वाटलं की कॉम्प्युटर आपल्याही बाजूने बोलतो. जॉबवर्कच्या वेळी हाच विश्वास कामाला आला.

एका वेळी एक मोठं काम आणि फार तर एक छोटं. कणीक भिजवल्याशिवाय पोळी लाटता येत नाही, तसं आयटमच्या यादीशिवाय साठा नाही, साठ्याशिवाय उत्पादनाचं नियोजन नाही आणि या सगळ्यांशिवाय डॅशबोर्ड नाही. कोण कुणावर अवलंबून आहे याचे बाण कागदावर काढलेत की अर्ध्या कामांचा क्रम गुण न देताच ठरतो.

आता फोन करा

काम ठरलं, आकडा ठरला, आता व्हेंडर बोलवा. टॅलीत जोडणी, झोहोसारखी भाड्याची क्लाउड सेवा, ईआरपीनेक्स्टसारखं खुल्या सोर्सचं सॉफ्टवेअर, नाहीतर कुणाकडून खास बनवून घेणं, असे चार रस्ते साधारण दिसतात. खुल्या सोर्समध्ये लायसन्सचे पैसे लागत नाहीत, बसवणाऱ्याचे आणि सांभाळणाऱ्याचे लागतात. खास बनवून घेण्याबद्दल माझं मत कडवट आहे. बनवणारा मुलगा दीड वर्षाने ऐरोलीच्या मोठ्या आयटी कंपनीत जातो आणि मग त्याचा कोड वाचणारं कुणी उरत नाही. तुमची पद्धत जगावेगळी असेल आणि त्या पद्धतीतच तुमची कमाई असेल तरच त्या वाटेला जा.

डेमो त्यांच्या डेटावर बघू नका. तुमच्या फायलीतले पाच वाकडे कागद काढा: एक अर्धवट परत आलेलं जॉबवर्क चलान, एक दर बदललेला पीओ, एक क्रेडिट नोट, किलोत घेऊन नगात दिलेला माल आणि एक रद्द झालेलं ई-इन्व्हॉइस. "हे आमच्यासमोर करून दाखवा" म्हणा. "ते कस्टमायझेशनमध्ये होईल" असं उत्तर आलं की ते शब्द आणि त्याचे पैसे दोन्ही लिहून घ्या. त्यांच्या जुन्या ग्राहकाकडे जाऊन या. तिथे मालकाशी पाच मिनिटं बोला आणि स्टोअरवाल्याशी अर्धा तास. आणि करार संपला तर आमचा सगळा डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल, हे सहीच्या आधी विचारा. सहीनंतर या प्रश्नाला कुणी नीट उत्तर देत नाही.

पैसे महिन्यांना बांधू नका, कामाला बांधा. शेवटचा पाचवा हिस्सा पहिला महिना नव्या सिस्टिमवर पूर्ण बंद होऊन जीएसटी भरल्यानंतरच द्यायचा.

एम आठचा बोल्ट

योजनेत सगळ्यात कमी दिवस ज्याला दिले जातात आणि सगळ्यात जास्त ज्याला लागतात ते काम म्हणजे आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या मालाची मूळ यादी. आमच्या यादीत ३,४०० आयटम होते. त्यात "बोल्ट ८ एमएम", "हेक्स बोल्ट एम८", "एम ८ × ४० बोल्ट", "८ नंबर बोल्ट" आणि नुसतं "बोल्ट मोठा" असा एकच बोल्ट पाच नावांनी बसला होता. पाचही नावांवर थोडा थोडा साठा, म्हणून खरेदीवाले दर पंधरा दिवसांनी नवे मागवत होते. साफ केल्यावर यादी उरली १,९०० ची.

ही सफाई व्हेंडर करून देत नाही आणि तुम्ही एकट्याने केबिनमध्ये बसूनही होत नाही. स्टोअरचे काका, खरेदीतलं एक माणूस आणि तुम्ही, असे तिघं रोज दुपारी दीड तास रॅकसमोर उभे राहा. वस्तू हातात घ्यायची, नाव ठरवायचं, जुनी नावं समोर लिहून ठेवायची. नावाचा साचा आधी ठरवा: वस्तू, प्रकार, माप, धातू, याच क्रमाने. कोडमध्ये अर्थ कोंबू नका. सप्लायरचं नाव, रॅकचा नंबर, वर्ष हे सगळं कोडमध्ये घातलेले कारखाने मी पाहिलेत. रॅक हलवली की कोड खोटा पडतो.

मापांकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. पत्रा आपण किलोने घेतो, शीटने शॉप फ्लोअरला देतो आणि पॅनेलच्या नगात विकतो. २,५०० बाय १,२५० मिलिमीटरचा, १.२ मिलिमीटर जाडीचा सीआरसीए (कोल्ड रोल्ड पोलादाचा) पत्रा हिशेबाने साधारण २९.४ किलो भरतो. काट्यावर तो कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त भरतो, कारण जाडीत पोलाद कारखान्याकडूनच थोडा फरक असतो. सिस्टिमला एकदा सांगितलंत की एक शीट म्हणजे २९.४ किलो, की ती तेच धरून चालते. दोनशे शीटनंतर स्टोअरमधला पत्रा आणि स्क्रीनवरचा पत्रा जुळत नाही आणि चोरीचा संशय काकांवर येतो. म्हणून दर महिन्याला फरक जिरवायची एक अधिकृत नोंद ठेवा आणि किती टक्क्यांपर्यंतचा फरक कुणी मंजूर करायचा ते आधीच ठरवा.

तारीख उलटी मोजा

योजना म्हणजे पट्ट्यांचा रंगीत तक्ता नव्हे. तक्ता काढा जरूर, भिंतीवर लावा, पण त्यातली सगळ्यात लांब साखळी कोणती ते आधी शोधा. १९५७ मध्ये ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या अमेरिकन कंपन्यांच्या लोकांनी रसायन कारखान्यांच्या कामांसाठी ही पद्धत बसवली. आपल्या कामाला ती अशी लागते: आयटम मास्टर सहा आठवडे, मग स्वतःच्या कागदांवर चाचणी तीन, मग प्रशिक्षण दोन. एकूण अकरा. व्हेंडरची मांडणी चार आठवड्यांची, पण ती मास्टरच्या बरोबरीने चालते. म्हणजे व्हेंडर दोन आठवडे रेंगाळला तरी तुमची तारीख हलत नाही. मास्टर मात्र एक आठवडा लांबला की सुरुवात एक आठवडा पुढे गेलीच. मीटिंगमध्ये सगळे व्हेंडरला झापत असतात आणि उशीर स्टोअरच्या रॅकसमोर होत असतो.

मार्च क्लोजिंग उरकून १५ एप्रिलला सुरुवात केली तर अकरा आठवडे १ जुलैला संपतात. त्यात दोन आठवडे हातचे धरा: १५ जुलै. नवं-जुनं दोन्ही बरोबरीने चालवायचं ते जुलैचं जीएसटी रिटर्न भरेपर्यंत, म्हणजे २० ऑगस्टपर्यंत. त्यानंतर गणपती येतात आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातली अर्धी माणसं गावाला जातात. व्हेंडरला हे माहीत नसतं, तुम्हाला माहीत असलं पाहिजे. छटपूजेला आणि मे महिन्यात कोण गावी जातं तेही कॅलेंडरवर मांडा. दर महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटी रिटर्नच्या मुदतीची, ती अकाउंटसाठी मोकळी सोडा.

साहेबांच्या "दिवाळीच्या आत"ला उत्तर द्यायला एक गोष्ट लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने ऑर्डर, साठा आणि वाहतुकीची नवी व्यवस्था जुलै १९९९ मध्ये एकदम चालू केली. ४८ महिन्यांचं काम ३० महिन्यांत बसवलं होतं आणि खर्च होता सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर. पुढ्यात हॅलोविनचा, म्हणजे त्यांचा चॉकलेट विक्रीचा मोठा हंगाम. माल गोदामात होता, तरी सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी दुकानांपर्यंत पोचल्या नाहीत. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा साहेब विचारतात, "आपलं काय चॉकलेट आहे का?" मी डिस्पॅचच्या मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या ट्रिपा दाखवतो.

१ एप्रिलचा मोह

नवं वर्ष, नवी वही, म्हणून सगळ्यांना १ एप्रिल आवडते. रबाळेच्या एका युनिटमध्ये मीही तीच तारीख धरली होती. साठा मोजायला वेळ नव्हता, म्हणून सुरुवातीचे आकडे ऑडिटसाठी केलेल्या मूल्यांकनाच्या शीटवरून चढवले. त्या शीटमध्ये रुपये बरोबर होते, नग नव्हते. ९ एप्रिलला संध्याकाळी ट्रक गेटवर, माल भरलेला, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि सिस्टिम म्हणते साठा शून्य, बिल निघणार नाही. शेवटी डिस्पॅचच्या मुलाने ड्रॉवरमधून जुनं चलानबुक काढलं आणि हाताने लिहून गाडी सोडली. चूक त्याची नव्हती. पुढचे दोन आठवडे चलानबुकच चाललं, ती चलानं नंतर कुणीच चढवली नाहीत आणि जूनपर्यंत सिस्टिम उघडणंही बंद झालं. पैसे गेले ते गेलेच, पण त्या युनिटमध्ये पुढची काही वर्षं "सॉफ्टवेअर" हा शब्द काढायची सोय राहिली नाही.

तेव्हापासून माझा नियम असा: हिशेबाची वही १ एप्रिलला बदला हवं तर, साठ्याची कधीही बदलता येते. पण मोजणी झाल्याशिवाय नाही. दोन दिवस कारखाना बंद ठेवून, प्रत्येक रॅकला दोन माणसं, मोजणारा एक आणि लिहिणारा दुसरा. आणि गेटवर गाडी उभी असताना सिस्टिम अडली तर काय करायचं, किती तासांनी हाताचं चलान काढायला परवानगी, ते कोण आणि कधीपर्यंत चढवणार, हे एका पानावर लिहून डिस्पॅचच्या भिंतीला चिकटवा.

माणसं

कामाचा प्रमुख तुम्ही होऊ नका. तुम्ही हमाली करा, प्रमुख ज्याचं दुखणं आहे तो. आमच्याकडे उत्पादनाचे मॅनेजर होते. साहेबांनी दर शुक्रवारी अर्धा तास बसायचं आणि अडलेले निर्णय तिथल्या तिथे द्यायचे. त्यांनी सलग तीन शुक्रवार टाळले तर काम थांबवून त्यांना विचारा की हे अजून हवंय का.

शिकवणं मराठीत किंवा हिंदीत, स्टोअरमध्येच, त्यांच्याच चलानांवर. काकांना वाटत असतं की वही गेली की आपली किंमत गेली. त्यांना पहिल्या दिवसापासून यादीच्या कामात घ्या, नावं त्यांनी ठरवलेली असली की ती त्यांची होतात. उशीर झाला म्हणून शेवटच्या आठवड्यात चार नवी मुलं आणून बसवू नका. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की ते आणखी लांबतं, असं आयबीएममधल्या अनुभवावरून फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा दिवस जातो.

यूपीएस, इंटरनेटची दुसरी लाइन आणि बॅकअप या तिन्हींवर खर्च करा. बॅकअप घेतला जातो एवढ्यावर विसंबू नका, सुरुवातीच्या आधी एकदा तो दुसऱ्या मशीनवर उतरवून बघा.

सहा महिन्यांनी

सुरुवातीला लिहिलेला ३५ हजारांचा आकडा जपून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आमचा आला २६ हजार. साहेबांना तसंच सांगितलं. भाडं वजा जाता वसुलीला चोवीस-पंचवीस महिने लागणार होते, त्यांनी मान डोलावली आणि डॅशबोर्डचं विचारलं.

सहा महिन्यांनी मी पुन्हा स्टोअरमध्ये गेलो. जॉबवर्कची जुनी वही कपाटात होती, पण टेबलावर नवी आली होती, तशीच लांबट, तसंच रबरबँड. काका थोडे ओशाळले. मी चाळली. जॉबवर्कचं त्यात काही नव्हतं. ड्रॉइंग बदलल्यामुळे पडून राहिलेले कापलेले पत्रे, कोणाकडे कोणता डाय गेलाय आणि कोणत्या सप्लायरचा माल तपासणीत परत गेला, असं तीन रंगांत लिहिलेलं होतं. त्या पानांचे फोटो काढून आणले आणि पुढच्या यादीच्या पहिल्या तीन ओळी त्यावरून लिहिल्या.